बेल्मिरो फुर्ताडोचे डोळे

माझा भाऊ बेल्मिरो जन्मतः बहिरा नव्हता. तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला. माय आठवडाभर त्याच्या उशाशी बसून होती. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातल्या आमच्या गल्लीत सगळे आमच्यासारखेच होते, अझोरेस बेटांवरून आलेले, कापडगिरणीत राबणारे पोर्तुगीज. शेजारणी म्हणाल्या, "संत अंतोनियोला मेणबत्त्या लाव, पोराला ऐकू येईल." मायने वर्षभर लावल्या. मग एक दिवस तिने ते सोडून दिलं आणि मला म्हणाली, "फिलोमेना, आता याचे कान तूच." मी सात वर्षांची होते.

आम्ही दोघांनी आमची आमची एक भाषा केली. पोटावर हात पुसला की माय, टोपी वर ढकलली की पापा, छातीवर दोन बोटं आपटली की डावीकडे. शाळेत शिकवणाऱ्या नन त्याच्या हातांवर पट्टी मारायच्या. हात खाली, तोंडाने बोल, म्हणायच्या. तोंडातून जे यायचं ते ऐकून वर्ग हसायचा. ते हसणं त्याला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. शाळेच्या तिसऱ्या वर्षी तो शाळा सोडून घरी बसला.

गल्लीतली पोरं मागून येऊन त्याला खडे मारायची, कारण त्याला चाहूल लागत नसे. समोरून यायची मात्र कुणाची छाती नव्हती. एकदा चर्चच्या मागे त्याने स्वतःपेक्षा हातभर उंच पोराला लोळवलं, ते ऑरेल तिबोने पाहिलं. ऑरेल फ्रेंच कॅनेडियन होता. दिवसा गिरणीत माग दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी एका बेकरीच्या माडीवर पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. त्याच संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला.

"फुर्ताडो, तुझा पोरगा मला दे."

"बहिरा आहे तो," पापा म्हणाले.

"मग काय झालं? रिंगमध्ये ऐकण्यासारखं काय असतं? आयाबहिणींवरून शिव्या. त्याला नाही ऐकू आल्या तर बरंच आहे."

पापा हसले आणि त्यांनी त्याला आत बोलावलं. माय हसली नाही. पण तिने त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला, म्हणजे तिची ना नव्हती.

फेरी संपल्याची घंटा बेल्मिरोला कशी कळणार, हा पहिला प्रश्न होता. ऑरेलने एका मोडक्या ट्रकचे मागचे लाल दिवे काढले, त्यांना तारा जोडल्या आणि रिंगच्या समोरासमोरच्या दोन खांबांवर बसवले. घंटेबरोबर दिवे लागायचे. हे दिवे घेऊन तो गावोगाव स्पर्धांना जायचा. मी पहिल्या रांगेत, आमच्या कोपऱ्याजवळ बसायची. ऑरेल माझ्या कानात ओरडायचा आणि मी हातांनी ते बेल्मिरोपर्यंत पोचवायची.

पण खरं सांगायचं तर त्याला फारसं सांगावंच लागत नसे. त्याचे डोळे आमच्यासारखे नव्हते. समोरच्याचा खांदा हलायच्या आधी तो कुठून मारणार हे त्याला कळायचं. ठोसा यायचा आणि बेल्मिरो तिथे नसायचाच. एकदा मी त्याला विचारलं, हे कसं जमतं? तो म्हणाला, "माणूस मारायच्या आधी ठरवतो. ठरवतो ते मानेत दिसतं." मी पुढे कितीतरी माना निरखल्या. मला कधी काही दिसलं नाही.

एकोणीसशे एकसष्ट साली शिकागोला हौशी बॉक्सरांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो शेवटच्या लढतीपर्यंत गेला. ती लढत अटीतटीची झाली. निकाल सांगायला माणूस माईकपाशी आला, नाव उच्चारलं गेलं आणि सगळं सभागृह उसळलं. हजारो माणसांना कळलं होतं. ज्याचं नाव घेतलं त्यालाच कळलं नव्हतं. तो रिंगच्या मध्ये उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला हात वर करायचे होते, पण जिंकल्याची खूणच आठवेना. शेवटी मी नुसतीच रडायला लागले. माझं रडणं पाहून आपण हरलोच असं तो समजला आणि मान खाली घालून कोपऱ्याकडे वळला. रेफरीने त्याला ओढून परत आणलं आणि त्याचा हात वर केला. त्यावरून घरी आम्ही कितीतरी वर्षं हसलो.

गावात बँड लावून मिरवणूक निघाली. महापौरांनी हात मिळवला. पापा भर रस्त्यात नाचले. आणि महिन्याभरात बोस्टनहून हॅस्केल नावाचा एक गृहस्थ आला. व्यावसायिक बॉक्सरांचा तो व्यवस्थापक होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो पापांशी बोलला, ऑरेलशी बोलला, माझ्याशीसुद्धा बोलला. बेल्मिरोने टेबलावर मूठ आपटली आणि भरभर खुणा केल्या.

"काय म्हणतोय तो?" हॅस्केलने मला विचारलं.

"म्हणतोय, लढणार मी आहे, माझ्याशी बोला."

हॅस्केल वरमला. त्याने खुर्ची वळवली आणि बेल्मिरोकडे बघत हळूहळू बोलू लागला. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मायला हे नको होतं. "चॅम्पियन झालास ना? बास झालं. गिरणीत लाग, लग्न कर."

बेल्मिरोने तिला जे उत्तर दिलं ते मी तिला शब्दाशब्दाने सांगितलं. "गिरणीत मुकादम पापाला सांगतो, पापा मला सांगतात. दुकानात दुकानदार फिलोमेनाला सांगतो. रिंगमध्ये मी आणि तो, दोघंच असतो. मधे कुणी नसतं."

माय पोटावर हात पुसत राहिली. ती खूण करत होती की नुसतेच ओले हात पुसत होती, कोण जाणे.

व्यावसायिक झाल्यावर पहिलीच गोष्ट अशी झाली की मला कोपऱ्याजवळून उठवलं. बाई तिथे चालत नाही, म्हणाले. मी मागे अंधारात बसले. तिथून माझे हात त्याला दिसणं शक्य नव्हतं. मग ऑरेल वयाच्या साठीत आमच्या खुणा शिकायला बसला. मागाच्या कामाने त्याची बोटं जाडीभरडी, वाकडी झालेली. एका लढतीत त्याने 'डावीकडून ये' म्हणून सांगायला छातीऐवजी पोटावर दोन बोटं आपटली. आमच्या भाषेत त्याचा अर्थ होता, भूक लागली. बेल्मिरो भर फेरीत हसायला लागला आणि हसता हसताच त्याने समोरच्याला आडवं केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, फुर्ताडो प्रतिस्पर्ध्याला हसत हसत चिरडतो. फुर्ताडोला त्याचा गुरू जेवणाचं विचारत होता, हे पेपरवाल्याला कुठून कळणार?

तो जिंकतच गेला. भित्तीपत्रकांवर 'मुका वाघ' असं छापायचे. त्यातला वाघ त्याला चालायचा. 'मुका' मात्र तो जिथे दिसेल तिथे नखाने खरवडून टाकायचा.

त्याच दिवसांत प्रॉव्हिडन्समधल्या बहिऱ्यांच्या क्लबात त्याचा सत्कार होता. मी बरोबर गेले होते. आम्ही दारातून आत गेलो आणि तो थबकला. खोलीभर माणसं हातांनी बोलत होती. भांडत होती, चहाड्या करत होती, विनोद सांगत होती. तेवीस वर्षांचा झाला तरी असंही एक जग आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. ओदेत त्याला तिथे भेटली. ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची, जन्मापासून बहिरी. तिने आमच्या खुणा पाहिल्या आणि पोट धरून हसली. "ही कुठली भाषा? ही तर तुम्हा दोघांचीच!" मला राग आला. बेल्मिरोला नाही आला. वर्षभरात त्याने तिची भाषा शिकून घेतली, तिच्याशी लग्न केलं, आणि मग ती दोघं इतक्या भरभर बोलायची की मीच मधे अडाण्यासारखी बसायची. त्यांना मुलगी झाली, लुसिंदा. तिला ऐकू येत होतं.

डोळ्याचं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येणार नाही. एका लढतीनंतर तो ओदेतला म्हणाला होता, डाव्या बाजूला काजळी उडतेय. गिरणीच्या धुराड्यातून उडते तशी. ती म्हणाली, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, पुढच्या लढतीआधी डॉक्टर तपासतोच की.

डॉक्टरने तपासलं. छाती पाहिली, हात पाहिले आणि ऑरेलकडे वळून विचारलं, "दिसतं ना याला नीट?"

ऑरेल फुशारकीने म्हणाला, "याला? डॉक्टर, याच्याइतकं या राज्यात कुणाला दिसत नाही."

डॉक्टर हसला आणि त्याने सही केली. बेल्मिरो समोरच बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. पुढे ऑरेल मला म्हणायचा, "फिलोमेना, मी खोटं नव्हतो बोललो गं. मला तेच माहीत होतं."

ती लढत बोस्टनला फिलाडेल्फियाच्या एका धिप्पाड माणसाशी होती. पहिल्या दोन फेऱ्यांतच मला कळेना हे काय चाललंय. साधे, लांबून फिरवून आणलेले ठोसे बेल्मिरोच्या डाव्या कानशिलावर बसत होते. असे ठोसे तर तो झोपेतही चुकवायचा. लोक ओरडू लागले, विकला गेलाय. फेरी संपली तेव्हा ऑरेलने नेहमीसारखा त्याच्याकडे ओला स्पंज टाकला. स्पंज डावीकडून गेला, खांद्याला लागून खाली पडला, आणि बेल्मिरो समोर बघत राहिला. ऑरेलने खाली पडलेल्या स्पंजाकडे पाहिलं. मग त्याने बेल्मिरोचा उजवा डोळा हाताने झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं नाचवली. बेल्मिरोचा डावा डोळा हललासुद्धा नाही. ऑरेलने तिथेच लढत थांबवली.

बोस्टनच्या इस्पितळात डोळ्यातला पडदा सुटलाय असं निघालं. तेव्हाच्या काळी शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळे बांधून ठेवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे आणि आठवडेच्या आठवडे हलू द्यायचे नाहीत. भेटायला येऊ नका, असं आम्हाला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ओदेत ऐकेना, म्हणून मी तिला घेऊन गेले.

बेल्मिरोची दोन्ही मनगटं कापडी पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती.

नर्स म्हणाली, "सारखा पट्टी ओढायला बघतो हो. आणि कसलेकसले आवाज काढतो. दुसरे रुग्ण घाबरतात."

"अहो, तो बोलतो हातांनी!" मी ओरडले. "तुम्ही त्याचं तोंड बांधलंय!"

त्याला ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं, आणि आता बोलताही येत नव्हतं. शुद्धीवर आल्यापासून शस्त्रक्रिया झाली की नाही, हा काळोख कशाचा आहे, आपण कुठे आहोत, यातलं काहीच त्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. ओदेतने कुणाला विचारलंच नाही. ती पलंगावर वाकली आणि पट्ट्या सोडायला लागली. नर्सने मला बघून तोंड फिरवलं. हात सुटले तसे बेल्मिरोने पहिल्यांदा कुणाचंतरी मनगट पकडलं, चाचपलं, अंगठी सापडली, आणि तो थांबला. ओदेतने त्याच्या तळव्यावर एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. ती दुपारभर लिहीत होती. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मधेच एकदा बेल्मिरो हसला, तेव्हा मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि पोटभर रडून घेतलं.

डावा डोळा गेला. उजवा जपा, म्हणाले. वजन उचलू नका, वाकू नका, ठोसा तर नकोच.

सुरुवातीला त्याने ते मानलं. सात-आठ महिने एका गोदामात खोकी चिकटवली. तिथला मुकादम हवं ते बोटाने दाखवायचा, कुत्र्याला दाखवतात तसं. एक दिवस बेल्मिरो ऑरेलकडे गेला आणि म्हणाला, मेन राज्यातल्या एका छोट्या गावात लढत ठरवलीय. तिथे कुणी तपासत नाही.

"मी येणार नाही," ऑरेल म्हणाला. "आणि माझे दिवे पण देणार नाही."

"नको देऊस. तिथले लोक बसवतील."

"अरे गाढवा, दिवा बसवतील रे, डोळा कोण बसवणार?"

दोघं इतके भांडले की खालच्या बेकरीवाल्याने येऊन विचारलं, काय झालं. ओदेतने मुलीला घेऊन आमच्या घरी मुक्काम ठोकला. माय त्याच्या दारात आडवी उभी राहिली. तो मायच्या कपाळाचा मुका घेऊन तिच्या बाजूने निघून गेला.

तिकडे काय घडलं ते परत आल्यावर त्यानेच सांगितलं. आमच्या टेबलाशी बसून, सावकाश, माझ्या आणि त्याच्या जुन्या खुणांनी सांगितलं. ओदेतला सांगायची त्याला लाज वाटत होती.

समोरचा लाकूडतोड्या होता, विशीतला, मिलो पिंकहॅम नावाचा. नवशिका होता. बेल्मिरो एका डोळ्याने त्याच्याशी खेळत होता, जिंकत होता. लोकांनी एकच दिवा बसवला होता. फेरी संपायच्या वेळी तो दिवा त्याच्या डाव्या बाजूला आला. घंटा झाली. मिलोने हात खाली सोडले आणि आपल्या कोपऱ्याकडे वळला. बेल्मिरोला वाटलं, पोरगा चुकला, उघडा पडला.

"मी पूर्ण ताकदीने मारलं," त्याने खूण केली. "त्याची मान बघितली. मानेत काहीच नव्हतं, फिलोमेना. मारायचं नव्हतं, चुकवायचं नव्हतं. तो नुसता घरी निघालेल्या माणसासारखा होता. ते मला दिसलं, आणि तोवर हात गेला होता."

लोकांनी बाटल्या फेकल्या. तो बाद ठरला. काय चुकलं हे त्याला कळलं ते रेफरीने त्याचं डोकं धरून दिव्याकडे वळवलं तेव्हा. मिलोला उचलून नेलं.

हे सांगून झालं आणि त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नंतर तो रिंगमध्ये कधी गेला नाही. डॉक्टरने सांगून थांबला नव्हता, मायने सांगून नाही, बायकोने सांगून नाही. त्या पोराच्या मानेने त्याला थांबवलं.

पंधरवड्याने तो ऑरेलच्या दारात जाऊन उभा राहिला. ऑरेलने गाडी काढली. आम्ही तिघं मेनला गेलो. मिलो जिवंत होता, पण जबडा दोन ठिकाणी मोडला होता आणि दात तारेने घट्ट बांधले होते. त्याच्या आईने दार उघडलं, बेल्मिरोकडे पाहिलं आणि दार लावून घ्यायला गेली. मी म्हणाले, "बाई, त्याला घंटा ऐकू येत नाही हो."

"मग तो तिथे गेलाच कशाला?" ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिनेच दार सोडलं.

मिलो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं. बेल्मिरो त्याच्यासमोर उभा राहिला, आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं, मग हात हलवला, नाही. मग मूठ छातीवर गोल फिरवली, माफ कर. मी सांगायला लागले, "तो म्हणतोय की—" मिलोने हात वर करून मला थांबवलं. त्याला कळलं होतं. तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्याला ठसका लागला, तो कासावीस होऊन आईकडे हातवारे करू लागला, आणि आईला कळेना त्याला काय हवंय. बेल्मिरोला लगेच कळलं. त्याने पाण्याचा पेला आणि नळी त्याच्या हातात दिली. मग तो खाटेच्या कडेला बसला आणि त्याने मिलोला पाण्याची खूण दाखवली. दुखतंय याची दाखवली. पुरे, याची दाखवली. मिलोने करून पाहिली. मिलोची आई ओट्याला टेकून ते बघत होती. तिने आम्हाला कॉफी दिली. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही, आणि मिलोही म्हणाला नाही.

परतताना ऑरेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि बसून राहिला. दोन वर्षांनी तो गेला.

उजवा डोळा आणखी सहा वर्षं टिकला. ती बरी वर्षं होती. बेल्मिरो ओदेतच्या छापखान्यात कागद कापायला लागला, तिथे सगळेच हातांनी बोलत. लुसिंदाला त्याने सायकल शिकवली. मग पवित्र आत्म्याच्या सणाला, मिरवणुकीत चालता चालता, त्याने माझी बाही धरली आणि विचारलं, "धूर कसला?" धूर नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं. पुन्हा बोस्टन, पुन्हा पट्टी, पुन्हा वाळूच्या पिशव्या. या वेळी हात बांधले नाहीत. पलंगाशी ओदेत होती. पण उपयोग झाला नाही. जपलेला डोळाही गेला.

त्यानंतर जे काही त्याच्याकडे यायचं ते तळव्यातून यायचं. त्याचे हात आमच्या हातांवर ठेवून तो आमच्या खुणा वाचायचा. लुसिंदा त्याच्या तळहातावर इतकं भरभर लिहायची की तो 'हळू, हळू' म्हणून तिला दटावायचा. माय म्हातारपणी शिकली, तिला चारच शब्द यायचे आणि ती तेच रोज लिहायची. क्लबातली जुनी माणसं सुरुवातीला येत, मग कमी झाली. हातात हात घेऊन बोलायला वेळ लागतो, आणि लोकांना कामं असतात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. ओदेत गोड पाव भाजत होती. बेल्मिरोने मला जवळ ओढलं, आमची जुनी भाषा काढली, जी आता या जगात आम्हा दोघांनाच येते, आणि विचारलं, "ओदेतचे केस पांढरे झाले का? मी विचारतो, ती नाही म्हणते. हात लावून कळत नाही."

मी ओदेतकडे पाहिलं. भट्टीच्या उजेडात तिचं डोकं कापसासारखं दिसत होतं. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"काळेच आहेत," मी त्याच्या तळव्यात सांगितलं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि पाव झाला का ते विचार, म्हणाला.

मी उठले आणि ओदेतच्या खांद्यावर हात ठेवला.